संतुलित समीकरण बरोबरच असते, असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा तोंडावर आल्या की रासायनिक समीकरणे झटपट संतुलित करण्याच्या युक्त्या सगळीकडे छापून येतात. आधी धातू मोजा, मग अधातू, मग हायड्रोजन, शेवटी ऑक्सिजन. दोन्ही बाजूंचे आकडे जुळले की पुढचा प्रश्न घ्या. युक्ती चुकीची नाही. पण शिकवणे तिथेच थांबले की 'अणू जुळले म्हणजे समीकरण बरोबर' हा गैरसमज मुलांच्या मनात पक्का बसतो आणि तो बारावीनंतरही सुटत नाही. सोडियमच्या संयुगांत तो सर्वांत लवकर उघडा पडतो. सोडियमची संयुजा नेहमी एक, सूत्रे दिसायला सोपी, त्यामुळे अणू हवे तसे जुळवून घेता येतात आणि खोटे समीकरणही नीटनेटके दिसते.

(वर्तमानपत्राच्या स्तंभात रेणुसूत्रांचे पादांक नीट उमटत नाहीत, म्हणून समीकरणे शब्दांत लिहितो. नावाआधीचा आकडा हा सहगुणक. आकडा नसेल तर एक.)

स्वयंपाकघरातल्या खाण्याच्या सोड्यापासून सुरुवात करू. सोडियम बायकार्बोनेट तापवले की कार्बन डायऑक्साइड निघतो हे सगळ्यांना ठाऊक असते. बशीत मागे काय उरते? कागदावर तीन समीकरणे मांडता येतात:

सोडियम बायकार्बोनेट → सोडियम हायड्रॉक्साइड + कार्बन डायऑक्साइड

२ सोडियम बायकार्बोनेट → सोडियम ऑक्साइड + २ कार्बन डायऑक्साइड + पाणी

२ सोडियम बायकार्बोनेट → सोडियम कार्बोनेट + कार्बन डायऑक्साइड + पाणी

तिन्ही मोजून पाहा. सोडियम, हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन, सगळे जुळतात. अणू मोजण्याच्या कसोटीवर तिन्हींना पूर्ण गुण द्यावे लागतील. खरे मात्र तिसरेच आहे, आणि ते ठरवायला तराजू लागतो.

सोडियम बायकार्बोनेटचा एक मोल, म्हणजे रेणूंच्या ठरावीक संख्येचा गठ्ठा, ८४ ग्रॅमचा. म्हणून ८.४ ग्रॅम सोडा घ्यावा, म्हणजे हिशेब सोपा पडतो. पहिले समीकरण खरे असेल तर बशीत ४.० ग्रॅम उरायला हवेत, दुसरे खरे असेल तर ३.१ ग्रॅम आणि तिसरे खरे असेल तर ५.३ ग्रॅम. हे आकडे एकमेकांपासून इतके दूर आहेत की ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटाही निकाल देतो.

प्रयोगात गोंधळ होतो तो काही ठरावीक ठिकाणी. चिनी मातीची बशी आधी रिकामी तापवून, गार करून वजन करावी. ओल्या बशीतले पाणी नंतर 'घटलेल्या वजनात' जमा होते. सोडा पातळ थरात पसरावा आणि ज्योत सुरुवातीला मंद ठेवावी. अपघटन सुमारे ५० अंशांच्या वर हळूहळू सुरू होते आणि २०० अंशांच्या आसपास झपाट्याने होते. एकदम मोठी ज्योत दिली तर निघणारा वायू बारीक भुकटी सोबत उडवून नेतो आणि उत्तर ५.३ च्या खाली येते. उलट, न ढवळता तापवले तर वरचा थर कार्बोनेट होतो, आतला तसाच राहतो आणि उत्तर सहाच्या पुढे जाते. काचकांडीने अधूनमधून ढवळावे; कांडीला चिकटलेली पूड बशीतच झटकावी. दहा-पंधरा मिनिटे तापवून गार करावे, वजन घ्यावे, पुन्हा पाच मिनिटे तापवून वजन घ्यावे. लागोपाठ दोन वजने सारखी आली की काम झाले. बशी गरम असताना वजन करू नये, कारण तिच्याभोवती वर चढणाऱ्या हवेमुळे काटा कमी दाखवतो. आणि दुकानातून बेकिंग पावडर आणू नये. तिच्यात स्टार्च आणि कोरडे आम्ल मिसळलेले असते; तापवल्यावर ती काळी पडते आणि वजनाला काही अर्थ उरत नाही.

बशीत उरलेली ५.३ ग्रॅम पूड फेकून न देता ५०० मिलिलिटर द्रावण करावे. ते बरोबर ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) सोडियम कार्बोनेट होते. त्यातले १० मिलिलिटर पिपेटने घेऊन ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाशी अनुमापन केले, म्हणजे आम्ल मोजून थोडेथोडे घातले, तर फिनॉल्फ्थेलीन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचा गुलाबी रंग १० मिलिलिटरच्या सुमारास जातो आणि मिथिल ऑरेंजचा रंग २० मिलिलिटरच्या सुमारास बदलतो. पहिले समीकरण खरे असते, म्हणजे बशीत कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) असता, तर दोन्ही दर्शकांचा शेवट एकाच ठिकाणी आला असता. एकाच पुडीतून दोन स्वतंत्र पुरावे मिळतात.

या दोन टप्प्यांमागे दोन समीकरणे आहेत:

सोडियम कार्बोनेट + हायड्रोक्लोरिक आम्ल → सोडियम बायकार्बोनेट + सोडियम क्लोराइड

सोडियम बायकार्बोनेट + हायड्रोक्लोरिक आम्ल → सोडियम क्लोराइड + पाणी + कार्बन डायऑक्साइड

त्यांची बेरीज केली की पाठ्यपुस्तकातले 'कार्बोनेटला दोन आम्ल' हे समीकरण मिळते. बेरजेत मधला टप्पा दिसेनासा होतो. म्हणून धुण्याच्या सोड्याच्या (सोडियम कार्बोनेटच्या) द्रावणात थेंबथेंब विरल आम्ल ढवळत टाकले आणि सुरुवातीला बुडबुडे आले नाहीत की मुले 'प्रयोग फसला' असे जर्नलमध्ये लिहितात. प्रयोग फसलेला नसतो. पहिला टप्पा चालू असतो. आम्लात सोडा टाकला तर बुडबुडे लगेच येतात, कारण तिथे आम्ल पहिल्यापासून भरपूर आहे. कशात काय ओतायचे हे समीकरण सांगत नाही, कृतीत लिहावे लागते.

धुण्याच्या सोड्याच्या स्फटिकांत तर आणखी एक चोर दडलेला असतो. प्रत्येक कार्बोनेटबरोबर पाण्याचे दहा रेणू असतात. एक मोल कोरडे कार्बोनेट १०६ ग्रॅम, तर स्फटिक २८६ ग्रॅम. २५० मिलिलिटर ०.१ मोलर द्रावणाला कोरडी पूड २.६५ ग्रॅम लागते, स्फटिक ७.१५ ग्रॅम लागतात. स्फटिकांचे २.६५ ग्रॅम घेणाऱ्याचे द्रावण ०.०३७ मोलरच होते, आणि मग आम्लाची बाटली चुकीची ठरवली जाते. स्फटिकांचे समीकरण लिहिताना ते पाणी उजवीकडे यायलाच हवे:

स्फटिकी सोडियम कार्बोनेट + २ हायड्रोक्लोरिक आम्ल → २ सोडियम क्लोराइड + कार्बन डायऑक्साइड + ११ पाणी

डावीकडे २८६ आणि ७३, उजवीकडे ११७, ४४ आणि १९८, दोन्हीकडे ३५९. उघड्या बरणीत पांढरी पूड धरलेले स्फटिक मात्र या कामाचे नाहीत. त्यांतले पाणी किती उडाले याचा हिशेब नसतो. त्यापेक्षा खाण्याचा सोडा तापवून वर सांगितल्याप्रमाणे ताजे कार्बोनेट करणे केव्हाही चांगले.

आता खुद्द सोडियमकडे येऊ. पाण्यात सोडियम टाकल्याचे समीकरण विद्यार्थी 'सोडियम + पाणी → सोडियम हायड्रॉक्साइड + हायड्रोजन' असे लिहितात. एकटा हायड्रोजन अणू मोजला तर हिशेब जुळतो, पण हायड्रोजन वायूचा रेणू दोन अणूंचा. दुसरे काहीजण '२ सोडियम + पाणी → सोडियम ऑक्साइड + हायड्रोजन' असे लिहितात. हे तर पूर्ण संतुलित आहे आणि तरीही चूक, कारण भरपूर पाण्यात सोडियम ऑक्साइड टिकत नाही, त्याचे हायड्रॉक्साइड होते. बरोबर ते हे:

२ सोडियम + २ पाणी → २ सोडियम हायड्रॉक्साइड + हायड्रोजन

४६ आणि ३६ ग्रॅम डावीकडे, ८० आणि २ उजवीकडे. हा प्रयोग दाखवताना तुकडा मुगाच्या दाण्याएवढाच असावा, रॉकेल टिपकागदाने टिपलेले असावे, भांडे पसरट असावे आणि मध्ये काच असावी. सोडियम ९८ अंशांनाच वितळतो आणि पाण्यावर तरंगतो. अरुंद परीक्षानळीत टाकला तर उष्णता आणि हायड्रोजन दोन्ही कोंडतात. कापताना उरलेले कण बेसिनमध्ये टाकू नयेत. कोरड्या स्पिरिटमध्ये थोडेथोडे टाकून ते शांतपणे संपू द्यावेत.

हवेत जाळण्याचा प्रश्न याहून फसवा आहे. 'सोडियमची ऑक्सिजनशी अभिक्रिया होते, समीकरण लिहा' एवढेच विचारले तर उत्तरे दोन आहेत. ऑक्सिजन मर्यादित असेल तर ४ सोडियम + ऑक्सिजन → २ सोडियम ऑक्साइड. भरपूर ऑक्सिजनात जाळले तर मुख्यतः २ सोडियम + ऑक्सिजन → सोडियम पेरॉक्साइड. पेरॉक्साइडच्या सूत्रात दोन सोडियम आणि दोन ऑक्सिजन असतात, आणि 'सोपे रूप द्या' या गणिती सवयीने अनेकजण ते एकास एक करून टाकतात. तसे करता येत नाही. ते दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडलेले असतात आणि त्या जोडीमुळेच पेरॉक्साइड वेगळे वागते. पाणबुड्यांत आणि बचावपथकांच्या श्वसनयंत्रांत ते वापरले गेले आहे ते याच गुणामुळे:

२ सोडियम पेरॉक्साइड + २ कार्बन डायऑक्साइड → २ सोडियम कार्बोनेट + ऑक्सिजन

१५६ आणि ८८ ग्रॅम आत, २१२ आणि ३२ बाहेर. उच्छ्वासातला वायू शोषून घेतो आणि प्राणवायू परत देतो. साध्या ऑक्साइडला यातले पहिले अर्धेच काम जमते.

संतुलित समीकरण कारखान्यात काय सांगू शकते, त्याचा सर्वांत सुंदर दाखला सोडियमच्या निर्मितीतच आहे, आणि तो वर्गात जवळजवळ कधीच सांगितला जात नाही. हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून सोडियम वेगळा केला. १९व्या शतकाच्या अखेरीस हॅमिल्टन कॅस्टनर यांनी तीच वाट कारखान्यात आणली. समीकरण असे:

४ सोडियम हायड्रॉक्साइड → ४ सोडियम + २ पाणी + ऑक्सिजन

चार इलेक्ट्रॉन फिरले की ऋणाग्रावर (विजेच्या ऋण टोकावर) चार सोडियम मिळतात. पण धनाग्रावर जे दोन पाणी तयार झाले ते त्याच वितळलेल्या रसातून सोडियमपर्यंत पोहोचते, आणि वरचे पाण्याचे समीकरण लागू होते: दोन सोडियम पुन्हा हायड्रॉक्साइड होतात, हायड्रोजन सुटतो. दोन्हींची बेरीज करा:

२ सोडियम हायड्रॉक्साइड → २ सोडियम + हायड्रोजन + ऑक्सिजन

चार इलेक्ट्रॉनांचे वीजबिल भरून हातात दोनच सोडियम. म्हणजे ही पद्धत कितीही सुधारली तरी विजेचा वापर निम्म्यापलीकडे सत्कारणी लागणार नाही, हे भट्टी न पेटवता, नुसत्या सहगुणकांवरून कळते. १९२४ मध्ये डाउन्स यांचा घट आला, त्यात वितळलेले मीठच वापरले: २ सोडियम क्लोराइड → २ सोडियम + क्लोरीन. पाणीच तयार होत नाही, म्हणून ते नुकसानही नाही. अडचण एवढीच की मीठ ८०१ अंशांना वितळते. कॅल्शियम क्लोराइड मिसळून ते तापमान ६०० च्या आसपास आणले जाते.

अणू मोजण्याची युक्ती खरोखर दमते ती कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन यांच्यापाशी. थंड, विरल द्रावणात हायपोक्लोराइट (ब्लीचमधला घटक) मिळते आणि ते समीकरण सहज जुळते: क्लोरीन + २ सोडियम हायड्रॉक्साइड → सोडियम क्लोराइड + सोडियम हायपोक्लोराइट + पाणी. गरम, संहत द्रावणात मात्र क्लोरेट मिळते आणि अंदाजाने आकडे लावणारा चाचपडत बसतो. इथे इलेक्ट्रॉनांचा जमाखर्च मांडावा. ऑक्सिडीकरण अंक, म्हणजे अणूने किती इलेक्ट्रॉन दिले किंवा घेतले याचा हिशेबी आकडा, क्लोरीन वायूत शून्य, मिठात उणे एक, क्लोरेटमध्ये अधिक पाच. एक क्लोरीन अणू पाच इलेक्ट्रॉन देतो, तर घेणारा प्रत्येकी एकच घेतो. म्हणून एका क्लोरेटमागे पाच मीठ. एकूण सहा क्लोरीन अणू, म्हणजे तीन रेणू. उजवीकडे सोडियम सहा, म्हणून डावीकडे सहा हायड्रॉक्साइड. हायड्रोजन सहा, म्हणून तीन पाणी.

३ क्लोरीन + ६ सोडियम हायड्रॉक्साइड → ५ सोडियम क्लोराइड + सोडियम क्लोरेट + ३ पाणी

ऑक्सिजनला आतापर्यंत हात लावलेला नाही, तो पडताळ्यासाठी राखून ठेवावा: डावीकडे सहा, उजवीकडे तीन अधिक तीन. जुळले.

आणि कधी अणू मोजून अनेक उत्तरे येतात. हायपोक्लोराइट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांपासून मीठ, पाणी आणि ऑक्सिजन मिळतात. सगळे सहगुणक एक धरले तरी समीकरण जुळते. तीन पेरॉक्साइड, एक हायपोक्लोराइट, एक मीठ, तीन पाणी, दोन ऑक्सिजन असे लिहिले तरी जुळते. पाच, एक, एक, पाच, तीन लिहिले तरी जुळते! कारण पेरॉक्साइड स्वतःहूनही पाणी आणि ऑक्सिजन यांत मोडते आणि ती दुसरी अभिक्रिया पहिलीत हवी तितकी मिसळता येते. इलेक्ट्रॉन मोजले की प्रश्न सुटतो. हायपोक्लोराइट दोन घेतो, पेरॉक्साइड दोन देतो. म्हणून एकास एक.

ब्लीच घरोघरी असते म्हणून एक समीकरण इथेच सांगून टाकतो. सोडियम हायपोक्लोराइट + २ हायड्रोक्लोरिक आम्ल → सोडियम क्लोराइड + क्लोरीन + पाणी. ब्लीचच्या १०० मिलिलिटरमध्ये ४ ग्रॅम हायपोक्लोराइट धरले, तर ३.८ ग्रॅम, म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास क्लोरीन वायू सुटू शकतो. बंद न्हाणीघरात ब्लीच आणि शौचालय साफ करायचे आम्ल एकत्र ओतू नये, ते यासाठी. शालेय पाठात या समीकरणाला जागा मिळाली तर त्याचा उपयोग परीक्षेपेक्षा जास्त होईल.

दिशेबद्दलही संतुलन मौन पाळते. मिठापासून सोडियम कार्बोनेट करण्याच्या सॉल्व्हे पद्धतीची एकूण बेरीज '२ सोडियम क्लोराइड + कॅल्शियम कार्बोनेट → सोडियम कार्बोनेट + कॅल्शियम क्लोराइड' अशी लिहितात. मिठाच्या पाण्यात चुनखडी टाकून पाहा, काहीही होणार नाही. उलट धुण्याच्या सोड्यात कॅल्शियम क्लोराइड ओतले तर पांढरा अवक्षेप ताबडतोब बसतो. उलट्या दिशेची ही गाडी अमोनियाच्या मदतीने, मधले टप्पे आणि इंधन खर्चून, हवी तिकडे न्यावी लागते.

निसर्ग हेच कार्बोनेट फुकट देतो. सोडा-सरोवरांच्या काठी सापडणारा ट्रोना हा कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि दोन पाणी यांचा जोडक्षार. आपल्या बुलडाण्यातले लोणारचे पाणी सोडियमच्या याच क्षारांमुळे अल्कधर्मी आहे. ट्रोना भाजल्याचे समीकरण विद्यार्थ्यांना जरूर घालावे:

२ ट्रोना → ३ सोडियम कार्बोनेट + कार्बन डायऑक्साइड + ५ पाणी

४५२ ग्रॅमचे ३१८, ४४ आणि ९०. यात नवीन काही नाही, फक्त दोन बायकार्बोनेटांचे अपघटन झाले आणि उरलेले पाणी सुकले. ज्याला सोड्याचा प्रयोग कळला त्याला हे पाठ करावे लागत नाही.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना आणि तपासणाऱ्यांना काही विनंत्या आहेत. अभिक्रियेची परिस्थिती प्रश्नात लिहावी: ऑक्सिजन मर्यादित की भरपूर, द्रावण थंड की गरम, आम्ल किती. गंधकाम्ल आणि कॉस्टिक सोडा एकास एक घेतले तर सोडियम बायसल्फेट, एकास दोन घेतले तर सल्फेट. प्रश्नात प्रमाण नसेल तर दोन्ही उत्तरांना गुण मिळायला हवेत. ॲल्युमिनियम आणि कॉस्टिक सोडा यांचे समीकरण काही पुस्तकांत दोन पाण्याने, सोडियम ॲल्युमिनेट दाखवून लिहिलेले असते. काहींत सहा पाण्याने, चार हायड्रॉक्साइड जोडलेले ॲल्युमिनेट दाखवून. हायड्रोजन दोन्हींत तीनच. अभिक्रिया एकच, लिहिण्याच्या पद्धती दोन. उत्तरसूचीत एकच छापली आहे म्हणून दुसरीला शून्य देऊ नये. अर्धा हायड्रोजन लिहिणाऱ्यालाही चूक ठरवायचे असेल तर 'सहगुणक पूर्णांकांत लिहा' असे प्रश्नातच सांगावे, कारण मोलच्या हिशेबात अर्धा मोल हायड्रोजन ही अगदी खरी वस्तू आहे.

आणि प्रात्यक्षिकांच्या यादीत सोडा तापवून वजन करण्याचा प्रयोग सक्तीचा करावा. बशी, काचकांडी, बर्नर आणि ०.१ ग्रॅमचा काटा एवढेच लागते. प्रत्येक गटाने तापवण्याआधी तिन्ही समीकरणे जर्नलमध्ये लिहावीत, प्रत्येकाखाली अपेक्षित वजन मांडावे आणि त्यानंतरच बर्नर पेटवावा.

आपला,
कनिष्ठ महाविद्यालयातील रसायनशास्त्राचा एक अध्यापक